पावसाळी सल्ला: पिण्याच्या बोअरमध्ये खत-औषध उलटं जाऊ देऊ नका

शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या रानातल्या बऱ्याच वस्त्यांवर उसाचं आणि पिण्याचं बोअर एकच. त्याच बोअरच्या पाइपाचं तोंड औषधाच्या पिंपात बुडवून पिंप भरतात, घात होतो तो इथंच. वारा-पावसात लाईट गेली, मोटर थांबली की पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि पिंपातलं तणनाशक बोअरमध्ये ओढून नेतं. व्हेंचुरीतून (पाण्याबरोबर खत ओढून देणारं उपकरण) सोडलेल्या युरियाचंही तेच. हे पाणी उकळून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून शुद्ध होत नाही. उकळल्यानं पाणी आटतं, युरियापासून बनणारं नायट्रेट उलट दाट होतं.

पाइपाचं तोंड पिंपाच्या काठापासून वीतभर वरच ठेवा. बोअर आणि व्हेंचुरीच्या मध्ये एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवा, बाण पाण्याच्या दिशेनं. असेल तर तपासा: व्हेंचुरीची नळी साध्या पाण्याच्या बादलीत सोडून मोटर बंद करा. बादलीतलं पाणी तरीही कमी होत राहिलं तर एनआरव्हीच्या पडद्यात वाळू अडकली असेल. खोलून धुवा, नाहीतर बदला.

बाकीची कामं:
- शोषखड्डा बोअर-विहिरीपासून ५० फूट दूर
- केसिंग (बोअरचा बाहेरचा पाइप) जमिनीवर १ फूट, पूरपट्ट्यात पुराच्या खुणेच्या वर
- फवारणी पंप विहिरीवर धुणं बंद

जंतूंसाठी टीसीएल १,००० लिटरला २.५ ग्रॅम. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८० ग्रॅम. बादलीत कालवा, वरचं निवळलेलं पाणी विहिरीत सोडा, गाळ टाकून द्या, अर्धा तास थांबा. झाकण उघडल्यावर वास नाकाला झोंबला नाही तर ती पावडर मेलेली समजा.

आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या) उसाला नत्र हेक्टरी ४०० किलो, १०-४०-१०-४० टक्के असं चार हप्त्यांत. दुकानदारानं गळ्यात मारलेलं जादा पोतं पावसाबरोबर विहिरीत उतरतं. पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात अजिबात वापरू नका.

दारात येऊन तारा बुडवून पाणी तांबडं करून दाखवणाऱ्या आरओ विक्रेत्यावर भुलू नका, तो रंग लोखंडी तारांचा असतो. आरओनं नायट्रेट कमी होतं हे खरं, पण आधी प्रयोगशाळेचा अहवाल हातात घ्या. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएसच्या पेनाला जंतू आणि औषध दिसत नाहीत.

औषध बोअरमध्ये गेल्याची शंका आली तरी घरच्या टाकीचा कॉक लगेच बंद करा. ते पाणी जनावरांना, भाजीपाल्याला देऊ नका. नमुना देताना कुठलं औषध होतं ते डब्यावरून वाचून सांगा, नेहमीच्या तपासणीत औषधाचे अंश बघत नाहीत. वास गेला तरी अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.