शहराच्या मध्यभागात भुयारी रेल्वेने फिरताना

भुयारी रेल्वेचा नकाशा हाती घेतल्यावर प्रथम हे ध्यानात ठेवावे, की तो भूगोलाचा नकाशा नसून केवळ जोडण्यांचा आराखडा असतो. लंडनमध्ये हॅरी बेक यांनी आखलेल्या आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशाने रूढ केलेल्या या पद्धतीत रेषा उभ्या, आडव्या किंवा तिरक्या असतात आणि स्थानकांमधील अंतरे प्रमाणात नसतात. त्यामुळे नकाशावर दूर भासणारी दोन स्थानके प्रत्यक्षात हाकेच्या अंतरावर असू शकतात. लंडनच्याच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्थानकांत जेमतेम २६० मीटर अंतर आहे. तेवढ्यासाठी फलाटापर्यंत उतरून गाडीची वाट पाहण्यापेक्षा पायी जाणेच शहाणपणाचे.

निघण्यापूर्वी मार्गाचा रंग वा क्रमांक आणि त्या दिशेचे अंतिम स्थानक टिपून घ्यावे, कारण फलाटावरील पाट्यांवर बहुधा गाडी कोठे संपते तेच लिहिलेले असते. एकाच फलाटावरून वेगवेगळ्या शाखांच्या गाड्या सुटत असतील, तर गाडीवरचा फलकही वाचावा. नकाशावर एका ठिपक्याएवढे दिसणारे बदलीचे स्थानक प्रत्यक्षात लांबलचक मार्गिकांनी जोडलेले असू शकते (पॅरिसचे शातले हे त्याचे प्रसिद्ध, आणि दमवणारे, उदाहरण). म्हणून थोडा वळसा पडला तरी सोपी बदली निवडावी.

उतरल्यावर बाहेर जाणाऱ्या दाराचा क्रमांक किंवा रस्त्याचे नाव पाहिल्याशिवाय जिना चढू नये, नाहीतर रुंद रस्त्याच्या भलत्याच बाजूला निघण्याची वेळ येते. तिकीट मात्र बाहेर पडेपर्यंत जपून ठेवावे.