हलणारा दात उपटण्याआधी: जबड्यातला ऑस्टिओसार्कोमा कसा ओळखावा

एकच दात हलतोय. त्याला कीड नाही, पायोरिया नाही, शेजारचे दात घट्ट. असा दात उपटायची घाई करू नका. जबड्यातला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचाच कॅन्सर, पुष्कळदा असाच सुरू होतो. हातापायांच्या हाडांत तो प्रामुख्याने किशोरवयात होतो, जबड्यात मात्र साधारण तिशी-चाळिशीत. तेव्हा वयावरून तो मनातून बाद करू नका.

खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली आहे का, हे मुद्दाम विचारा. मार नाही, अक्कलदाढ काढलेली नाही आणि तरी बधिरता असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत गाठच धरा. अँटिबायोटिकवर आठवडे घालवू नका. आपल्याकडे तंबाखूचा कॅन्सर हिरडीवरून हाडात शिरतो, त्यामुळे डोळे जखम शोधतात. इथे वरचं आवरण बरेचदा शाबूत असतं.

ओपीजीबरोबर (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) त्या दाताचा छोटा एक्स-रेही काढा. मूळ आणि हाड यांमधली काळी रेघ मुळाच्या दोन्ही बाजूंना सारखीच रुंदावलेली दिसली, तर ती गॅरिंग्टनची खूण, आणि ती लवकर दिसते. स्क्लेरोडर्मा या त्वचा कडक करणाऱ्या आजारातही रेघ रुंदावते, पण सहसा अनेक दातांची. सूर्यकिरणांसारखे हाडाचे फुटवे थोड्याच रुग्णांत असतात. ते नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका.

सीटी आणि एमआरआय बायोप्सीच्या आधी करा, कारण नंतरच्या रक्तस्रावाने आणि सुजेने गाठीची हद्द पुसट होते. बायोप्सी पुढे ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच घ्यावी, म्हणजे तिचा मार्ग गाठीबरोबर काढता येतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: वरवरचा तुकडा घेतला तर नुसती सुजलेली हिरडी किंवा प्रतिक्रियेतून बनलेलं नवं हाड हाती येतं. खोलवरचा, न सडलेला भाग घ्या. तुकड्याच्या किमान 10 पट, 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. कठीण तुकडा मऊ करायला ईडीटीए (हाडातलं कॅल्शियम काढणारं सौम्य रसायन) वापरायला सांगा. तीव्र आम्लाने डीएनए खराब होतो आणि पुढच्या जनुकीय चाचण्या अडतात.

तुकड्यासोबत पॅथॉलॉजिस्टला स्कॅन पाठवलेच पाहिजेत. छोट्या तुकड्यात नुसती कूर्चा दिसली तर कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेचा कॅन्सर) वाटतो, कमी ग्रेडची गाठ फायब्रस डिस्प्लेशियासारखी (हाडाचा कॅन्सर नसलेला विकार) दिसते. तिथे एमडीएम2 आणि जीएनएएस या जनुकांची तपासणी उपयोगी पडते. निदान पक्कं होताच छातीचा सीटी करा. हा आजार पसरतो तो मुख्यतः फुप्फुसांत.

रिपोर्ट ‘जुनाट सूज’ म्हणतो आणि एक्स-रे वेगळंच सांगतो, तर पॅथॉलॉजिस्टला फोन करा आणि पुन्हा खोल बायोप्सी घ्या.