ज्वालामुखी आणि गरम झऱ्यांच्या सहलीला निघण्याआधी

बुकिंग झालं, गाईड ठरला, गाडी दारात येणार. आता फक्त वेळेवर उठायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण गाईड वाट दाखवतो. तुमच्या पायात काय आहे, तुम्हाला दमा आहे का, डोळ्यांत लेन्स आहेत का, हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे खालची यादी सगळी आपल्या बाजूची आहे.

सुरुवात आदल्या दिवशी, डोंगराची तब्येत बघण्यापासून. जागत्या ज्वालामुखींवर त्या त्या देशाच्या संस्था नजर ठेवून असतात आणि धोक्याची पातळी जाहीर करतात. न्यूझीलंडमध्ये ती 0 ते 5 असते, जपानमध्ये 1 ते 5. आकडा बघावा, पण त्यावर विसंबून राहू नये. जपानच्या ओंताके डोंगराचा 27 सप्टेंबर 2014 रोजी उद्रेक झाला तेव्हा पातळी 1, म्हणजे सर्वांत खालची होती. भर दुपारी, गिर्यारोहकांची गर्दी असताना तो झाला आणि मृत व बेपत्ता मिळून 63 माणसं गेली. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर 9 डिसेंबर 2019 रोजी पातळी 2 होती, गाईडसोबत आलेले पर्यटक बेटावर होते, आणि 22 जणांचा जीव गेला. दोन्हीकडे ताजा लाव्हा वर आला नव्हता. खडकात कोंडलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली आणि तिने डोंगर फोडला. अशा स्फोटाची आगाऊ चाहूल फारशी मिळत नाही.

म्हणून गाईडला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवा. सध्याची पातळी काय, आणि ती शेवटची कधी बदलली? वायू मोजायचं यंत्र सोबत आहे का? वारा फिरला तर कुठल्या बाजूने उतरायचं? सहल रद्द करायची तर ते कोण ठरवतं, आणि पैसे परत मिळतात का? हा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण पैसे परत मिळणार नसतील तर माणसं नको त्या दिवशीही वर जायचा हट्ट धरतात. प्रवासाचा विमा काढला असेल तर ज्वालामुखीवरची चढाई त्यात बसते का, तेही वाचून घ्या. सही करायला फॉर्म देतात तो आदल्या दिवशीच मागवा. गाडीत बसल्यावर कुणी वाचत नाही.

मग तब्येत. विवराच्या काठावर सल्फर डायऑक्साइड वायू असतो आणि दम्याच्या माणसाला त्रास व्हायला तो थोडासाही पुरतो. जपानमधल्या आसोच्या विवराजवळ दमा आणि हृदयविकार असलेल्यांना जाऊ देत नाहीत, आणि वायू वाढला की काठ सगळ्यांसाठीच बंद होतो. इनहेलर लागत असेल तर तो खिशात ठेवा. गाडीत ठेवलेल्या बॅगेतला इनहेलर वर काही कामाचा नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. थोडा असतो तेव्हा तो जाणवतो. फार वाढला की नाकच बधिर होतं. त्यामुळे वास अचानक नाहीसा झाला तर हुश्श करू नका, गाईडला सांगून तिथून निघा. कार्बन डायऑक्साइडला तर वासच नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने खळग्यांत साचतो. वारा पडलेला असताना खोलगट जागी डबा उघडून बसायचं नाही, आणि लहान मुलांना तिथे खेळायला सोडायचं नाही, कारण त्यांचं नाक जमिनीच्या जास्त जवळ असतं.

मास्क घ्यायचा, पण कशासाठी ते समजून. एन-95 मास्क राख अडवतो, वायू नाही. वायूसाठी कार्ट्रिज (वायू गाळणारी डबी) लावलेला मास्क लागतो. इंडोनेशियातल्या कावाह इजेन इथे गंधकाच्या निळ्या ज्वाळा बघायला पहाटेच्या अंधारात विवरात उतरतात, तिथे गाईड असे मास्क देतात. हातात घेतल्यावर तो चेहऱ्याला घट्ट बसतो का ते बघा (दाढी असेल तर बसत नाही), आणि कार्ट्रिज कधी बदललं ते विचारा. अशा अंधारातल्या सहलीला डोक्याला बांधायची बॅटरी हवी. मोबाईलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा. राखेचा कण लेन्सखाली गेला तर बुबुळाला ओरखडा पडतो.

खरेदी एकच करायची असेल तर बुटांची करा. लाव्हा थंड होऊन झालेला खडबडीत खडक काचेसारखा कापतो. तोल गेला की माणूस हात टेकतो आणि तळहात सोलून निघतो, म्हणून जाड हातमोजेही घ्या. सुट्या खड्यांच्या उतारावर पाय घोट्यापर्यंत रुततो आणि बुटात खडे शिरतात. बूट घोट्याच्या वर जाणारे आणि आधी वापरून पायाला बसलेले हवेत. ताज्या लाव्ह्याजवळ जाणार असाल तर तळवा चिकटवलेला आहे की शिवलेला, ते बघून घ्या. तापलेल्या जमिनीवर गोंद सुटतो. पँट पूर्ण लांबीची हवी, कितीही उकडलं तरी.

गरम झऱ्यांपाशी धोका वेगळा आहे, आणि खरं तर लोक तिथेच जास्त बेफिकीर असतात. कारण जागा देखणी असते: निळंशार पाणी, कडेला पिवळ्या-केशरी रेघा, वर तरंगणारी वाफ. त्या कडेची पांढरी जमीन म्हणजे झऱ्याच्या पाण्यातून साचलेला खनिजांचा पापुद्रा. कुठे तो माणसाला पेलतो, कुठे नाही, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. खाली उकळतं पाणी असतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणी साधारण 93 अंश सेल्सियसलाच उकळतं, पण भाजायला तेवढं भरपूर झालं. तिथल्या गरम पाण्याने आजवर 20 हून अधिक माणसं दगावली आहेत. म्हणून झऱ्यांभोवती चालायला बांधलेली लाकडी वाट सोडायची नाही. वाटेवरसुद्धा गाईड थांबा म्हणाला की थांबायचं: 23 जुलै 2024 रोजी त्याच उद्यानातल्या बिस्किट बेसिनमध्ये वाफेचा स्फोट होऊन लाकडी वाटेचीच मोडतोड झाली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

या भागासाठी सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे दोरी. टोपीला हनुवटीखालून बंद, चष्म्याला मागून दोरी, मोबाईल मनगटाला अडकवलेला. टोपी उडाली की विचार करायच्या आत पाय वाटेबाहेर पडतो. जे उडेल ते गेलं, हे मुलांशी घरीच ठरवून टाका. नंतर रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाला, सांगता येतं. मुलांचा हात धरायचा तो मनगटाशी. बोटं सहज निसटतात.

पाण्याची बाटली घरून भरून न्या, नेहमीपेक्षा एक जास्त. झऱ्याचं पाणी थंड करूनही पिऊ नका, त्यात आर्सेनिक असू शकतं. कपडे एकावर एक घालता-काढता येतील असे. बाकी टोपी, सनस्क्रीन, थोडं खाणं, नेहमीची औषधं. हे तुम्हाला माहीत आहेच.

वेळापत्रक मात्र नीट बघा. आइसलँडमधला स्ट्रोक्कुर हा गीझर, म्हणजे थांबून थांबून उसळणारा गरम पाण्याचा फवारा, दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो, तिथे छोटा थांबाही पुरतो. यलोस्टोनच्या ओल्ड फेथफुल गीझरला दोन उसळ्यांमध्ये साधारण दीड तास लागतो. तिथे अर्ध्या तासाचा थांबा असेल तर गाडी पुढच्या उसळीच्या अंदाजानुसार पोचणार आहे का, ते आधीच विचारा. कॅमेऱ्यासोबत दोन-तीन मऊ फडकी हवीत. फवाऱ्याचे शिंतोडे काचेवर वाळले की त्यातला सिलिका (वाळूतलं खनिज) चिकटून बसतो आणि मग निघत नाही, म्हणून ओले असतानाच टिपायचे.

डुंबायचा कार्यक्रम असेल तर जिथे परवानगी आहे तिथेच, आणि आधी गाईडने पाण्याचा अंदाज घेतल्यावर. नैसर्गिक गरम पाण्यात डोकं बुडवू नका. नाकावाटे शिरून मेंदूपर्यंत पोचणारा अमीबा अशा पाण्यात असू शकतो. तो क्वचितच आढळतो, पण झालेल्या संसर्गातून वाचणारेही क्वचितच. चांदीचे दागिने घरी ठेवा, गंधकाने काळे पडतात. सिलिकाच्या पाण्याने केस ताठ होतात, आधी कंडिशनर लावून ते वर बांधले तर त्रास कमी.

बदलायचे कपडे आणि एक मोठी प्लास्टिकची पिशवी गाडीतच ठेवा. घातलेले कपडे काढून तीत बांधले तर गंधकाचा वास बाकी सामानाला लागत नाही. राख पडली असेल तर कपडे आधी बाहेर झटकायचे, मग पाण्यात टाकायचे. चष्मा आणि कॅमेऱ्याची लेन्स फडक्याने कोरड्या पुसू नका, राखेने काचेवर चरे पडतात. लेन्सवरची राख आधी फुंकणीच्या ब्रशने उडवा, चष्मा पाण्याच्या धारेखाली धरा.