फिक्स्ड की मेकॅनिकल? आधी तुमचा बो बघा

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबरमध्ये बो सीझन, म्हणजे धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम, उघडतो आणि दुकानात ब्रॉडहेडची (बाणाला लावायच्या धारदार पात्यांच्या टोकांची) पाकिटं बघून नवख्या माणसाचं डोकंच फिरतं. फिक्स्डची पाती कायम उघडी असतात, मेकॅनिकलची मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. (भारतात वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा हे सगळं इथल्या लायसन्सवाल्यांसाठी.)

पाकीट ठेवा बाजूला, आधी बाणाच्या जोराचा हिशेब करा. टोकासकट बाणाचं वजन ग्रेनमध्ये (वजनाचं बारीक एकक) घ्यायचं, त्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं, वेग फूट पर सेकंदमध्ये, आणि ४५०२४० ने भागायचं. ४०० ग्रेन आणि २६० स्पीड असेल तर ६० फूट-पौंड ऊर्जा येते, मग मेकॅनिकल बिनधास्त घ्या. पण ३५० ग्रेन आणि २२० असेल तर जेमतेम ३७-३८ येतात, तिथे मी तरी फिक्स्डच लावेन, कारण मेकॅनिकलची पाती उघडायलाच थोडा जोर जातो आणि दीड-दोन इंचाची रुंद जखम करत आत घुसायला अजून लागतो. बाण आरपार गेला तर मोठ्या भोकामुळे रक्ताचा माग सोपा मिळतो हे खरंय, पण हरीण तिरकं उभं असेल आणि खांद्याचं हाड लागलं तर सगळं बोंबलतं. फिक्स्ड इंच-सव्वा इंचाचं असतं, पण त्यात उघडायची भानगडच नाही.

फिक्स्डची खोड वेगळी. पुढची पाती छोट्या पंखांसारखी हवा पकडतात, बो नीट ट्यून नसेल तर बाण भरकटतो. म्हणून २०-३० यार्डांवरून फील्ड पॉइंट (सरावाचं, पाती नसलेलं टोक) आणि त्याच वजनाचं ब्रॉडहेड दोन्ही मारा, ब्रॉडहेड जिथे लागतंय तिथून फील्ड पॉइंटच्या दिशेने रेस्ट (बोवर बाण टेकतो तो भाग) केसभर सरकवा, परत मारा. कंटाळवाणं आहे पण दुसरा इलाज नाही. आणि हे फोमच्या टार्गेटवर करा, चिंध्यांच्या पिशवीत ब्रॉडहेड अडकलं की उपटता उपटता जीव जातो.

मेकॅनिकल घेतलंत तर पाती धरून ठेवणारी रिंग दरवेळी तपासा. मी एकदा पहाटे ट्री स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) बसलो, क्विव्हरमधून (भात्यातून) बाण काढला तर रिंग थंडीने तडकलेली, एक पातं बाहेर लटकतंय, आणि खाली व्हाइटटेल हरीण आरामात चरतंय. तो बाण मारलाच नाही, तेव्हापासून खिशात जादा रिंगा असतात.

नियमही बघून घ्या, इथे ब्रॉडहेड कमीत कमी ७/८ इंच रुंद आणि बो ओढायला किमान ३० पौंडांचा लागतो, दुसऱ्या राज्यात जाताय तर तिथलं पुस्तक वाचा. सरावात वापरलेली पाती शिकारीला नेऊ नका, बोथट झालेली असतात.