वासोट्याला जाताय? या चुका टाळा

साताऱ्याजवळच्या वासोटा किल्ल्याची चढण अवघड नाही. अधूनमधून साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणारा माणूस ती दमत दमत का होईना, पण चढतो. तरी या वाटेवर माणसं अडचणीत आलेली मी बरीच पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा कारण एकच होतं. त्यांनी हिशोब किलोमीटरचा केला, वेळेचा केलाच नाही.

किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० साली जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. नेहमीची वाट बामणोलीहून शिवसागर जलाशयातून जाते. बोटीने तास-दीड तास, मग गडाच्या पायथ्याला, मेट इंदवलीला वनखात्याची नोंदणी आणि त्यानंतर चढ. अभयारण्यात मुक्काम करता येत नाही, आणि संध्याकाळच्या आत बोट परतलीच पाहिजे. थोडक्यात, तुमचा दिवस बोट ठरवते.

आता उलटा हिशोब करा. बोट पाच वाजता सुटणार असेल तर साडेचारला काठावर हवं. उतरायला दीड-दोन तास, म्हणजे अडीचच्या आत गड सोडायचा. गड नीट बघायला दीड तास धरला, तर एक वाजेपर्यंत वर पोचायला हवं. चढायला दोन-अडीच तास, नोंदणीला अर्धा तास, बोटीला दीड तास. म्हणजे सकाळी साडेआठला तुम्ही बामणोलीच्या काठावर बोटीत बसलेले असायला हवेत. पुण्याहून पहाटे निघून हे गणित जुळत नाही असं नाही, पण साताऱ्याहून पुढे कासवरून बामणोलीपर्यंतचा ३५-४० किलोमीटरचा घाटरस्ता वेळ खातो. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी तर विचारूच नका. माझं ऐका, आदल्या रात्री साताऱ्यात किंवा बामणोलीतच मुक्काम करा.

ही चूक मी स्वतः केली आहे. चुलतभावासोबत गेलो होतो. बोटवाल्या मामांनी सकाळीच बजावलं होतं, "पाव्हणं, चारला खाली या. त्या अंगाला अंधार लवकर पडतो बघा." गडावरच्या बाबूकड्यावर बसलो आणि उठवेना. तो अर्धगोल कातळ, खाली कोकण, समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर. साडेतीन तिथेच वाजले. उतरताना मामांच्या बोलण्याचा अर्थ कळला. गड सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि वाट त्याच्या पूर्वेच्या अंगाने उतरते. सूर्य मावळायच्या कितीतरी आधी डोंगराआड जातो, आणि वर झाडी इतकी दाट की पाच वाजताच खालचे दगड दिसेनासे होतात. घाईत भावाचा घोटा मुरगळला. पुढच्या वळणावर वाटेत गवा उभा. आम्ही जागच्या जागी थांबलो, न बोलता चार पावलं मागे आलो, आणि तो जाईपर्यंत हललो नाही. तेवढं एक शहाणपण सुचलं म्हणून निभावलं. काठावर पोचलो तेव्हा मामा एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून आठवतं.

म्हणून परतायची वेळ घड्याळावर ठरवा, ठिकाणावर नको. एक वाजला आणि गड अजून वरच दिसत असेल, तर अर्ध्या तासात फिरा. गड कुठे पळून जात नाही. गटातला सगळ्यांत हळू चालणारा मागे नको, पुढे हवा. मागे राहिलेल्या माणसाला विश्रांती कधीच मिळत नाही. तो येऊन टेकतो तोच पुढचे उठतात.

एका दिवसात वासोटा आणि नागेश्वर दोन्ही उरकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. नागेश्वराची गुहा सुंदर आहे, पण गडाच्या अलीकडे फुटणारी ती वाट लांबची आहे. नवख्यांच्या गटाने दोन्ही एकत्र करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या वासोट्याचा तर विचारही नको. १८१८ साली इंग्रजांनी तिथून गडावर तोफा डागल्या, हे वाचून काहींना वाटतं की वाट असेलच. आज तिथे दाट रान आहे. वाट चुकल्यासारखी वाटली, तर शेवटची ओळखीची खूण जिथे होती तिथवर माघारी या. ओढ्याने खाली उतरू नका. ओढा कड्यावरून उडी मारतो, आपल्याला ती मारता येत नाही. जंगलात मोबाईलला रेंज नसते हे धरूनच चाला. मेट इंदवलीत आता वस्ती नाही, त्यामुळे हाक मारली तरी ऐकायला कुणी नाही.

मधमाश्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण लोकांना बिबट्याची भीती वाटते आणि आग्या मोहोळाची वाटत नाही. सह्याद्रीच्या कड्यांच्या खबदाडीत आणि उंच झाडांवर ही मोहोळं असतात. धूर, अत्तर किंवा डिओचा उग्र वास, आरडाओरडा, दगड मारणं, यांतलं काहीही त्यांना उठवू शकतं. गडावर ओरडून प्रतिध्वनी ऐकायची हौस असते, ती घरी ठेवा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. ओढणीने किंवा शर्टाने तोंड-मान झाका आणि दाट झाडीतून सरळ लांब जा, पण कड्याच्या दिशेने नाही. पाण्यात बुडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. लांब गेल्यावर काटे लगेच काढा. नखाने काढा, कार्डाने काढा, पण वेळ घालवू नका. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर ते साधं डसणं नाही. त्या माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं, आणि इथून दवाखाना म्हणजे उतार, बोट आणि घाट. म्हणूनच आधीची काळजी महत्त्वाची.

पाण्याचं म्हणाल तर माणशी तीन लिटर. झाडाच्या सावलीत चालतोय म्हणून तहान लागत नाही असं वाटतं, पण जंगलात हवा कोंडलेली असते आणि घाम खूप जातो. मग उतरताना पोटरीत गोळा येतो. आला तर बसा, पाय सरळ करा, चवडा स्वतःकडे ओढून धरा आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्या. प्लास्टिकची बाटली शक्यतो नकोच. वनखातं आत जातानाच प्लास्टिक मोजून घेतं आणि परतताना तेवढं दाखवावं लागतं. स्टीलची बाटली, पुठ्ठ्याऐवजी डब्यात भाकरी-चटणी, सालीसुद्धा परत पिशवीत.

जीन्स नको, कोरे बूट नकोत. हंगामाच्या सुरुवातीला ओलाव्यात जळवा असतात. मीठ जवळ ठेवा, ओढून तोडू नका. सगळ्यांचं ओळखपत्र सोबत घ्या. पावसाळ्यात वाट बंद असते, तेव्हा चोरवाटेने जाऊ नका. उन्हाळ्यात जलाशय आटतो, बोट लांब थांबते आणि काठचा चिखल तुडवण्यात आणखी वेळ जातो, तोही साडेआठच्या हिशोबात धरा. परतीच्या बोटीत लाइफ जॅकेट अंगावरच असू द्या, आणि पाण्यावरचा वारा बोचतो म्हणून घामेजलेला शर्ट बदलायला एक कोरडा सोबत ठेवा.