गुलमोहर बीपासून कसा वाढवावा

गुलमोहर मूळचा मादागास्करच्या कोरड्या पानझडी जंगलांतला. तिथे पाऊस येईपर्यंत बीला मातीत तग धरावा लागतो, म्हणून तिचं कवच भलतंच कठीण असतं. सगळी अडचण या कवचाची. बाकी झाड सोपं आहे.

शेंगा झाडावरच वाळून काळपट झाल्या की काढा. हिरव्या शेंगेतल्या बिया कुचकामी.

‘रात्रभर भिजवा आणि पेरा’ हा सल्ला जो तो देतो. कवच शाबूत असलेली बी कितीतरी दिवस पाण्यात पडली तरी बहुतेकदा जशीच्या तशी राहते, कारण पाण्याला आत शिरायला वाटच नसते. उकळत्या पाण्याची शिफारसही मला पटत नाही. आचेवरून उतरवलेल्या पाण्यात बिया टाकून ते गार होऊ दिलं तर काही फुगतात, काही नाही. आणि भांडं आचेवरच राहिलं तर बिया शिजतात, विषय संपला.

नेलकटर घ्या. बी ज्या टोकाने शेंगेला चिकटलेली असते त्या टोकाला अजिबात हात लावू नका. मूळ तिथूनच निघतं. विरुद्ध टोकाचं कवच किंचित छाटा, नाहीतर पॉलिश पेपरवर घासा. तपकिरी थराखाली फिकट ठिपका दिसला की थांबायचं. आणखी घासाल तर आतला गर दुखावतो आणि बी भिजताना कुजते. बी गुळगुळीत असते, चिमटीतून सटकते. पकडीत धरा, बोटं वाचतील.

मग २४ तास कोमट पाण्यात. पाणी प्यायलेली बी चांगली टरारून फुगते, वरून बुळबुळीत लागते. न फुगलेल्या बिया मेल्या असं समजून फेकू नका. पुन्हा घासा, पुन्हा भिजवा. फुगलेली मात्र त्याच दिवशी पेरा.

बोटाच्या पेराएवढी खोल, पाणी न साचणाऱ्या मातीत. उबेत ठेवली की साधारण आठवडा-दोन आठवड्यांत कोंब येतो. पुढे भरपूर ऊन.

जागेच्या बाबतीत हट्ट नको. मुळं उथळ पसरतात, फरशी उचलतात. फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात. इमारतीपासून ८-१० मीटर तरी लांब लावा. कडक दंव पडत असेल तर लावूच नका.

बीपासूनच्या झाडाला फुलायला निदान ५ वर्षं लागतात, कधी १० हूनही जास्त. घाई करून नत्रयुक्त खत ओतलंत तर नुसता पाला माजेल.