‘ॲज यू लाइक इट’मधलं प्रेम वाचायचं कसं?

शेक्सपिअरचं हे नाटक घ्या, पेन्सिल घेऊन बसा आणि थेट तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश उघडा. रोझलिंडच्या प्रेमात पडलेल्या ऑर्लँडोने आर्डनच्या जंगलात झाडाझाडांवर कविता लटकवल्या आहेत. पहिली मोठ्याने वाचा. ओळीमागून ओळ ‘रोझलिंड’शी यमक जुळवत धापा टाकते. हसू आलं पाहिजे. विदूषक टचस्टोन तर तिथल्या तिथे तिचं विडंबन करतो. आमच्या वाचनगटातली नवी मुलं इथे गहिवरतात. मी थांबवते.

आता पद्य कुठे, गद्य कुठे, खुणा करा. मेंढपाळ सिल्वियस त्याला झिडकारणाऱ्या फीबीसाठी झुरतो तो पद्यात. रोझलिंड-ऑर्लँडोचं खरं जमतं ते गद्यात. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला ऑर्लँडो छंदात ‘नमस्कार’ करतो, तर सदा उदास असणारा जेक्विस ‘छंदात बोलणार असाल तर मी निघालो’ म्हणून चालू पडतो. १५९९च्या आसपास शेक्सपिअर स्वतःच्याच धंद्याची अशी टिंगल करत होता.

याच प्रवेशावर वेळ घालवा. दोघांनी मिळून वाचा. रोझलिंड पुरुषवेषात, गॅनिमीड नावाचा तरुण बनून आहे; ऑर्लँडोने तिला ओळखलेलं नाही. ‘मला रोझलिंड समज, तुझं प्रेमाचं खूळ घालवते,’ असा तिचा ऑर्लँडोशी सौदा ठरलाय. त्या काळी रोझलिंड करायचा एखादा पोरगाच. म्हणजे मुलगा मुलगी झालाय, ती मुलगा झालीय, आणि तो पुन्हा मुलगी बनतोय. बालगंधर्व पाहिलेल्यांना हे समजवावं लागलं नसतं.

ऑर्लँडो म्हणतो, मी मरेन. ती म्हणते, माणसं मेली, किड्यांनी खाल्ली, पण प्रेमापायी नाही. ग्रीक दंतकथेतला प्रेमवीर लिअँडरसुद्धा पोहताना पेटका येऊन बुडाला. हे कुत्सितपणे वाचलंत की प्रवेश गेला. तो दोन तासांसाठी निघतो म्हटल्यावर तिच्या तोंडून जे निघतं, त्याखाली दोनदा रेघ मारा: तुझ्याशिवाय दोन तास काढवणार नाहीत मला. हे सोंग की कबुली? दोन्ही तऱ्हांनी वाचून बघा. मला कबुलीच वाटते, कारण तो गेल्याबरोबर ती आपल्या चुलत बहिणीला, सीलियाला सांगते, माझ्या प्रेमाला पोर्तुगालच्या उपसागरासारखा तळच नाही.

पाचव्या अंकात ऑर्लँडो ‘आता नुसत्या कल्पनेवर जगवत नाही’ म्हणतो आणि खेळ संपतो. पुढची चार लग्नं भराभर वाचा. टचस्टोन आणि शेळ्या राखणारी ऑड्री यांचं मात्र गाळू नका. त्यांच्या संसाराला जेक्विस दोनच महिन्यांची शिदोरी देतो.